सळईला पाणी

आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मी सर्किट शिकवतो ते असं. फळ्यावर एक बल्ब काढतो, त्याची एक वायर फेजला जोडतो, दुसरी तशीच लोंबकळत ठेवतो आणि विचारतो, पेटेल का? पाच-सहा जण छातीठोकपणे म्हणतात, पेटेल. त्यांना वाटतं वीज म्हणजे नळाचं पाणी, एका बाजूनं आलं की झालं. मग मी सांगतो, बाबांनो, वीज जिथून निघते तिथं परत जायला तिला वाट लागते. वाट पुरी झाली तरच ती वाहते. ती वाट तांब्याची आहे, ओल्या मातीची आहे की माणसाच्या अंगाची, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. हे शेवटचं मी दरवर्षी सावकाश म्हणतो. सहकारी म्हणतात, सर शिकवतात ते कसं काळजाला भिडतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मी हे शिकलो ते एका हातावरून, आणि तो हात माझा नव्हता. माझ्या थोरल्या वहिनीचा होता. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, उरलेली तीन वळत नाहीत. गेली पंचवीस वर्षं आमच्या घरात सगळे असं धरून चालले आहेत की हे तिच्या वेंधळेपणानं झालं आणि मी शिकलेला होतो म्हणून ती वाचली. यातलं खरं काय ते ती आणि मी, दोघंच जाणतो.

आमचं शेत पिशोरच्या शिवारात. वडील लवकर गेले, घर दादानं चालवलं. गावात आमची एक खोली होती, पण राहणं मळ्यातच. मळ्यात विहीर, विहिरीवर तीन फेजची मोटर. आता अशा मोटरीला तीनच वायरी लागतात. चौथी, म्हणजे न्यूट्रल, तिला लागत नाही, म्हणून ती कुणी शेतापर्यंत ओढतच नाही. मोटर चालते, पण घरात दिवा लावायचा म्हटलं तर परतीची वाट नाही. यावर आमच्या भागातल्या लोकांनी एक इलाज शोधून काढला होता. स्टार्टरमधून एक फेज घ्यायची, बल्बला द्यायची, आणि बल्बची दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधायची. परत जायचं काम जमीन करते. एका वायरीत दिवा! बेकायदा होतं, पण शिवारात दर दुसऱ्या मळ्यात होतं, आणि ज्याच्याकडं नव्हतं तो बावळट ठरायचा.

तेव्हा मी शहरात आयटीआयला होतो, इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. सुट्टीत आलो आणि आमच्या मळ्यातली सळई मीच ठोकली. मोरीच्या मागं ठोकली, कारण तिथली जमीन ओली असते असं मला वाटलं. शंभरचा बल्ब लावला. आई अंगणात उभी राहून बघत राहिली. दादा दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या दोघांना दिवा दाखवायला घेऊन आला. माझ्या आयुष्यात त्याला माझा अभिमान वाटलेला मी पहिल्यांदा तेव्हा बघितला. त्या अभिमानासाठी मी पुढं काय काय केलं ते सांगायलाच बसलो आहे.

काळी जमीन मोठी फसवी असते. पावसाळ्यात दगडसुद्धा गिळते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माघ सरला की सळईभोवतीची माती सुटायला लागायची, बल्ब पिवळा पडायचा. त्यावरही लोकांकडं तोड होती: सळईला पाणी घालायचं. सगळ्या मळ्यांत दिवेलागणीला हे काम चालायचं, आणि सगळ्या मळ्यांत ते सुनेचं असायचं. तुळशीला सकाळी, सळईला संध्याकाळी. आमच्याकडं वहिनी नवी होती, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. काम तिच्याकडं आलं. मी त्यात शास्त्राची भर घातली. म्हटलं, वहिनी, पाण्यात मूठभर मीठ टाकत जा, करंट चांगला जातो.

ती अनवाणी जायची, मोरीमागच्या चिखलात उभी राहायची आणि वाकून तांब्या रिकामा करायची. मी दर शनिवारी शहरातून घरी यायचो. पंधरा-एक दिवसांनी मला म्हणाली, "भाऊजी, पाणी घालताना पायाला मुंग्या येतेत."

मी हसलो. म्हटलं, "नवा दिवा आहे, तुम्हाला ओळखत नाही अजून."

पुन्हा आठवड्यानं म्हणाली. या वेळी आई तिथंच होती. आई म्हणाली, "मुंग्या येतेत म्हनं! कामाचा कंटाळा म्हन की सरळ." तिसऱ्यांदा ती मला एकट्याला गाठून म्हणाली, "मला लई भ्या वाटतं तिथं. बघा ना जरा येऊन." मी गेलो, खिशातला टेस्टर काढला, पायात रबरी चप्पल, सळईला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला. तो बराच लागला. मी तो मुठीत झाकून खिशात टाकला आणि म्हणालो, काही नाही, करंट थोडासा गळतो, सगळीकडंच गळतो.

हे लिहिताना आजही माझा मलाच संताप येतो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याच वर्षी आम्हाला सिरीज सर्किट होतं. एकाच वाटेवर दोन रोध असले की व्होल्टेज दोघांत वाटला जातो, ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला मोठा. मळ्यातल्या त्या वाटेवर दोनच रोध होते, एक बल्बचा, एक मातीचा. माती ओली असली की व्होल्टेज जवळजवळ सगळा बल्बवर, म्हणून तो झगझगीत पेटतो. माती वाळली की तिचा रोध वाढतो, बल्ब मंदावतो, आणि बल्बनं सोडलेला व्होल्टेज सळईवर येऊन बसतो. म्हणजे दिवा जेवढा मंद, तेवढी सळई घातक. आणि आम्ही सुनेला तिथं नेमकं दिवा मंद झाल्यावरच पाठवायचो. परीक्षेत हे गणित मी सोडवलं होतं. पैकीच्या पैकी गुण होते.

वैशाखातली एक संध्याकाळ. दादा बाजाराला गेला होता, आई चुलीपाशी होती. मी अंगणात बाजेवर पडलो होतो. बल्बची नुसती तार लाल दिसत होती, उजेड असा नव्हताच. वहिनीनं पाणी घातलं. काही फरक पडला नाही. आणखी एक तांब्या घातला. मोरीमागून तिनं विचारलं, "आलं का?"

मी पडल्या पडल्या ओरडलो, "नाही आलं. सळई सैल झाली असेल. जरा हलवून बघा."

एवढंच. उठून चार पावलं जायचा कंटाळा.

ती ओरडलीसुद्धा नाही. तांब्या दगडावर पडल्याचा आवाज आला, आणि बल्ब विझला नाही, उलट किंचित उजळला. तो उजळलेला मी बघितला आणि मला कळलं. वाट पुरी झाली होती. मी धावत गेलो, स्टार्टरच्या पेटीतला चिनी मातीचा फ्यूज उपसला. ती सळईवरून बाजूला पडली. उजव्या तळव्याला सळईचा काळा पट्टा उठला होता. पहिलं भान आलं तेव्हा तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात तिला आणलं. डॉक्टरांना मोटरीचा शॉक म्हणून सांगितलं, कारण दिवा बेकायदा होता. दुसऱ्या दिवशी दादा तिच्या खाटेपाशी उभा होता. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. ती डोळे मिटून पडलेली. दादानं मला विचारलं, "हात कसा काय लागला तिचा?"

मी म्हणालो, "मी शंभरदा बजावलं होतं, सळईला हात लावू नका म्हणून."

ते इतक्या सहज तोंडातून आलं की मी स्वतःच दचकलो. मला वाटलं होतं खोटं बोलायला आधी काही ठरवावं लागतं. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू होतास म्हणून बरं. दुसरा कुणी असता तर नुसता बघत बसला असता." त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे तो खांद्यावरचा हात परत द्यावा लागणार होता. मी दिला नाही. दोन आठवड्यांनी तिची बोटं काढली.

मग ती गोष्ट घराची झाली. आईनं ती सोयऱ्यांत सांगितली, दादानं पारावर सांगितली. प्रत्येक खेपेला मी थोडा आणखी हुशार झालो आणि वहिनी थोडी आणखी वेंधळी. तिच्या हातून बशी फुटली, की "तिचं काय विचारता." दूध उतू गेलं, की "हात विजेत घालणारी बाई ती." ती डाव्या हातानं सगळं शिकली. भाकरीसुद्धा डाव्या हातानं थापते आणि उजवा नुसता टेकवते. मी कधी तिच्या हातची भाकरी मोडताना ताटावरून नजर वर केली नाही.

माझ्या लग्नात हळदीला एक प्रकार झाला. नवऱ्या मुलाला हळद लावायचा पहिला मान आमच्यात थोरल्या वहिनीचा. ती हिरवी साडी नेसून, वाटी घेऊन पुढं आली. एक म्हातारी चुलती म्हणाली, डाव्या हातानं हळद लावत नसतेत गं, दुसरी बघा कुणी. कुणीतरी तिच्या हातातली वाटी घेतली. मी पाटावर उघडा बसलो होतो. नवरदेवाचं त्या दिवशी सगळे ऐकतात. मी "वहिनीच लावतील" एवढं म्हणालो असतो तर कुणाची टाप नव्हती मला अडवायची. मी खाली बघत बसलो. ती मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, उजवा हात पदराखाली. सगळे फोटो हसरे आलेत.

पुढं मला शहरातच नोकरी लागली, तिथं गारखेड्यात घर झालं. मळ्यातही रीतसर न्यूट्रल आली, आता तिथं टीव्ही आहे, फ्रिज आहे. सळई कधीच उपसून टाकली. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. असेल, पण ते गुन्हा करणाऱ्यासाठी असावं, कारण मला हळूहळू खरंच वाटायला लागलं होतं की मी तिला बजावलं असेल, निदान एकदा तरी.

दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी, दादा-वहिनींची एकुलती एक लेक, इथं इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आली. राहायला आमच्याकडेच. वहिनीनं पाठवताना मला फोनवर एवढंच सांगितलं, "तिला नीट शिकवा, भाऊजी. अर्धवट नको." मी हो म्हणालो. तो टोमणा आहे हे कळत असूनही कळलं नाही असं दाखवलं.

पोर हुशार. मला कधी एवढा चांगला विद्यार्थी मिळालेला नाही, आणि मिळाला तो हा. गेल्या श्रावणात एका दुपारी ती जेवणाच्या टेबलावर ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडून बघायची भोकाभोकांची पट्टी, मांडून बसली होती. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक फिरता रोध. ती खुंटी फिरवत होती, एलईडी मंद होत होता, आणि रोधाच्या दोन टोकांना लावलेल्या मीटरवरचा आकडा चढत होता.

"काका, बघा ना. एलईडी मंद झाला म्हणून व्होल्टेज कमी नाही झाला. तो इकडं येऊन बसला."

"बरोबर," मी म्हणालो.

तिनं खुंटी पुन्हा मागं-पुढं फिरवली. मग फिरवायची थांबली. मला तिच्या कपाळावर आठी दिसली.

"आपल्या मळ्यात पूर्वी जमिनीवर बल्ब लावायचे ना? सळईला पाणी घालून. पप्पा सांगतात ते."

"हो. सगळेच लावायचे."

"मग बल्ब मंद असेल तेव्हा सळईवर जास्त व्होल्टेज असणार. आणि आईला बल्ब मंद झाल्यावरच पाठवायचे. म्हणजे तिनं काही वेंधळेपणा नाही केला. ती रोजच मरायला जात होती." तिनं माझ्याकडं बघितलं. आरोप नव्हता तिच्या नजरेत, नुसती उत्सुकता होती. "तुम्हाला तेव्हा हे माहीत होतं का?"

"पुस्तकात होतं," मी म्हणालो आणि पाणी प्यायला आत गेलो.

रात्री जेवताना ती पुन्हा विचारेल म्हणून मी धास्तावलो होतो. तिनं विचारलं नाही. तिनं आईला फोन केला होता. दोन दिवसांनी मला म्हणाली, "आईला विचारलं त्या दिवशी नेमकं काय झालं. ती म्हणाली, तुझ्या काकाला विचार, त्यांना सगळं पाठ आहे." तिनं तेवढं सांगितलं आणि दप्तर उचलून कॉलेजला गेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, याची तिला बहुतेक कल्पना आली होती.

मग मी रविवारी पिशोरची गाडी पकडली. फार मोठा निश्चय वगैरे करून गेलो. बाहेर ओसरीवर दादा बसला होता, शेजारचा मळा नव्यानं घेतलेले दोघं गप्पा मारायला आले होते. मी पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भाकरी थापत होती.

मी उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी सळई हलवून बघा असं मी म्हणालो होतो. आणि मी तुम्हाला कधीच बजावलं नव्हतं."

तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, तिला पाणी फिरवून मग म्हणाली, "मला काय सांगायलात? मला तं ठाऊकच हाय. माझ्याच कानानं ऐकलं की."

"दवाखान्यात दादाला मी खोटं—"

"ते बी ऐकलं. डोळे मिटले व्हते माझे, कान नाय."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? हा प्रश्न विचारायची लाज मला वाटायला हवी होती.

"बोलले की. दोनदा सांगितलं ह्यांना. म्हनले, त्यानं तुझा जीव वाचवला अन् तू त्याच्यावरच आळ घेतेस? महिनाभर बोलले नाय माझ्याशी. मंग सोडलं." तिनं भाकरी उलटली. "माझ्या सांगण्याला किंमत नाय, भाऊजी. तुमच्या हाय. ते बाहेर बसलेत. जावा, सांगा."

पंचवीस वर्षं मी समजत होतो की ती मोठ्या मनानं गप्प राहिली. तिनं सांगितलं होतं, आणि माझ्या शब्दापुढं तिचा शब्द खोटा पडला होता. हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मी बाहेर गेलो.

दादा म्हणाला, "ये, बस." मग त्या दोघांकडं वळून, "हाच आमचा धाकटा. सर हाय तिकडं आयटीआयला. ह्याची वहिनी विजेला चिकटली व्हती तव्हा ह्यानंच फ्यूज काढला. शंभरदा सांगितलं व्हतं तिला, पर बायका ऐकतेत व्हय! हा नसता तं आज घर नसतं माझं." त्याचे डोळे पाणावले. दादा आता थकला आहे, बोलताना त्याला दम लागतो. त्या दोघांनी माझ्याकडं आदरानं बघितलं.

यापेक्षा चांगली वेळ मला कुणी काढून दिली नसती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ दे ना दादा, जुनी गोष्ट आहे."

त्यांना तो माझा विनय वाटला. एक जण म्हणाला, शिकलेली माणसं अशीच असतेत, केलेलं बोलून दाखवत नाहीत.

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दादा तिला म्हणाला, "सांभाळून गं, सांडशील." तिनं डाव्या हातानं एकेक कप सगळ्यांना दिला, थेंब सांडला नाही. मी चहा प्यालो. पेरणीवर बोललो, पिकांच्या भावावर बोललो. जेवून जा म्हणाले तर शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलो.

ती बांधापर्यंत सोबत आली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला वाटलं, लेकीसाठी काही पिशवीत देईल.

म्हणाली, "पोर शिकंपर्यंत तुमच्या घरी राहील. तिच्यात अन् माझ्यात हे आणायचं नाय मला. पर तुमी आता इथं येऊ नका, भाऊजी. आलात तं ह्यांना सांगायलाच या. नुसतं जेवायला येऊ नका."

आणि मागं वळून चालायला लागली.

दसरा गेला, दिवाळी गेली. दादाचा दर आठवड्याला फोन येतो, का रे बाबा, रुसलास का, म्हणून विचारतो. मी म्हणतो, आयटीआयत काम फार आहे. पुतणी समोर बसलेली असते, ती पुस्तकातून मान वर करत नाही. या वर्षीची नवी तुकडी आली, मी फळ्यावर बल्ब काढला, वाट पुरी व्हावी लागते म्हणून सांगितलं. पिशोरला मी अजून गेलेलो नाही.